शीआन पहिल्यांदा बघताना: चार काळांच्या राजधानीत कसं फिरावं

चीनमधल्या शीआनला पहिल्यांदा जाणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो: एक दिवस मातीच्या फौजेला (पहिल्या सम्राटाच्या समाधीशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांना), उरलेलं शहर दुसऱ्या दिवशी जमेल तसं. असं केलं की फोटो भरपूर मिळतात, पण शहर हाती लागत नाही. कारण इथे एकाच जागी निरनिराळ्या काळांची गावं एकमेकांवर बसलेली आहेत. आपण उभे आहोत ती वास्तू नेमकी कोणत्या काळातली, एवढं दर ठिकाणी माहीत असलं की सगळं आपोआप जुळायला लागतं. म्हणून तिकिटांच्या आधी चार नावं पाठ करा.

छिन: इ.स.पू. २२१ मध्ये चीन पहिल्यांदा एकछत्री झाला तो या घराण्याखाली. मातीची फौज यांची. हान: त्यांच्यानंतरचे, इथल्या राजधानीला, म्हणजे जुन्या शीआनला, छांगआन हे नाव यांच्या काळापासूनचं. थांग: इ.स. ६१८ ते ९०७, छांगआनचा सुवर्णकाळ, शहरात दहा लाखांच्या आसपास वस्ती. आणि मिंग: १३६८ नंतरचे. आज शीआनमध्ये दिसणारी तटबंदी, घंटाघर, नगारखाना हे सगळं मिंगांचं. थांगांचं शहर जमिनीवर जवळजवळ उरलेलंच नाही. इ.स. ९०४ मध्ये झू वेन या सरदाराने बादशहाला लोयांगला हलवलं, छांगआनचे वाडे उतरवले आणि त्यांची लाकडं नदीत सोडून खाली वाहून नेली. मागे राहिले ते विटांचे दोन पॅगोडे आणि जमिनीखालचे पाये.

निघण्यापूर्वी

भारतीयांना चीनचा पर्यटन व्हिसा पुन्हा मिळू लागला आहे. भारतातून शीआनला जाताना विमान बदलावं लागतं: ग्वांगझौ, शांघाय, हाँगकाँग किंवा बँकॉक, सिंगापूरमार्गे. बीजिंगही बघायचं असेल तर तिथून शीआनला वेगवान रेल्वेने या. साडेचार ते सहा तास लागतात आणि गाडी शीआन उत्तर स्थानकात येते. हे स्थानक जुन्या शहरापासून लांब आहे, पण खालीच मेट्रो आहे. मेट्रोची २ क्रमांकाची मार्गिका तिथून सरळ घंटाघराखाली आणून सोडते.

ऋतू निवडायचा तर एप्रिल-मेचा मध्य, नाहीतर सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात. जुलैत पारा चाळिशीला टेकतो, जानेवारीत शून्याखाली जातो. पण ऋतूपेक्षा सुट्ट्या जास्त महत्त्वाच्या. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस आणि चिनी नववर्ष या काळात जाऊच नका. तेव्हा मातीच्या फौजेच्या कठड्याशी पोचायलाच अर्धा तास धक्काबुक्की करावी लागते.

पैशांचं: रोकड चालते, पण रोजचा व्यवहार मोबाइलवर होतो. अलीपे हे अॅप भारतातच उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला जास्तीचं शुल्क लागत नाही, त्यावर तीन टक्के लागतं. याच अॅपमधून मेट्रोचा क्यूआर कोड निघतो आणि टॅक्सीही बोलावता येते.  गुगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या वायफायवर चालत नाहीत. भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ठेवलं तर सहसा चालतात, त्यामुळे घरच्यांशी बोलण्यासाठी तो सोपा मार्ग. नकाशासाठी गाओदे हे चिनी अॅप घ्या, ते इंग्रजीतही आहे. शीआनच्या गल्ल्यांत त्याच्याइतका भरवशाचा नकाशा दुसरा नाही.

पासपोर्ट रोज अंगावर बाळगा. रेल्वे, संग्रहालय, फौजेचं तिकीट, सगळं पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं आणि दारात तोच तपासतात. घंटाघर ते दक्षिण दरवाजा या पट्ट्यात मुक्काम ठेवा. संध्याकाळी पायी फिरायला याहून सोयीची जागा नाही.

पहिला दिवस: तटावरून सुरुवात

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थेट तटबंदी गाठा. मेट्रोने योंगनिंगमेन स्थानकात उतरलात की दक्षिण दरवाजा समोरच. तिकीट ५४ युआन (एक युआन साधारण बारा-तेरा रुपये). दरात थोडाफार बदल होतो, पण अंदाज एवढाच धरा.

गडकिल्ले फिरलेल्यांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. खंदक, त्यावरचा पूल, पहिला दरवाजा, मग चहूबाजूंनी भिंती असलेला बंदिस्त चौक, आणि त्यानंतर मुख्य दरवाजा. शत्रू पहिला दरवाजा फोडून आत शिरला की या चौकात कोंडला जायचा आणि वरून चारही बाजूंनी बाण. वर चढलात की तटाची रुंदी बघून आश्चर्य वाटतं: माथ्यावर १२ ते १४ मीटर. उंची १२ मीटर. पूर्ण फेरा १३.७४ किलोमीटरचा. दर १२० मीटरवर एक बुरूज बाहेर काढलेला आहे. दोन बुरुजांच्या मध्यावर कोणी आला तर तो दोन्हींपासून साठ मीटरवर, म्हणजे धनुष्याच्या टप्प्यात. या अंतराचा हिशेब तटावरून चालतानाच नीट कळतो. एका बुरुजावर थांबून पुढच्याकडे बघा.

तट १३७० च्या दशकात बांधला. आत ठोकून बसवलेली माती, बाहेरून विटा. या विटाही एकदम लागलेल्या नाहीत, तटाला पुरतं विटांचं अस्तर १५६८ मध्ये चढलं.

वर सायकली भाड्याने मिळतात, एकट्याच्या आणि दोघांच्याही. पूर्ण फेऱ्याला रमतगमत दोन तास धरा. वाट विटांची असल्यामुळे हादरे बसतात, कंबरेचं दुखणं असेल तर सायकल टाळा आणि दक्षिण दरवाजापासून पूर्वेकडे चालत जा. पावसात सायकली बंद असतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, माथ्यावर सावली नाही.

आता मघाशी सांगितलेली काळांची गोष्ट इथे वापरून बघा. दक्षिण दरवाजावर उभे राहून शहराबाहेर, दक्षिणेकडे तोंड करा. तिकडे चारेक किलोमीटरवर थांगांचा मोठा पॅगोडा आहे. तो बांधला तेव्हा ती जागा राजधानीच्या आतली होती. थांगांचं छांगआन सुमारे ८४ चौरस किलोमीटरचं, त्याचा मधला राजरस्ता दीडशे मीटर रुंद. मिंगांनी तट घातला तो जवळपास सातव्या हिश्श्याभोवती. ज्याला आपण आज 'जुनं शहर' म्हणतो ते खरं तर त्याच्याही आधीच्या शहराचा आकसलेला गाभा आहे.

तटावरून उतरलात की दक्षिण दरवाजाच्या आत पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांवर शिलालेखांचं संग्रहालय लागतं. बेइलिन म्हणतात त्याला, म्हणजे शिळांचं वन. सन १०८७ पासून इथे कोरीव शिळा जपून ठेवल्या आहेत. चिनी वाचता येत नाही म्हणून बहुतेक परदेशी पाहुणे ही जागा गाळतात. मला ते पटत नाही. इ.स. ८३७ मध्ये कोरलेल्या ११४ शिळांची रांगच बघा. विद्यार्थी पाठ्यग्रंथ नकलून घेताना चुका करतात म्हणून बारा अभिजात ग्रंथ, साडेसहा लाखांवर अक्षरं, दगडात पक्की करून ठेवली. इथेच इ.स. ७८१ ची एक शिळा आहे, चीनमध्ये ख्रिस्ती धर्म कसा पोचला ते सांगणारी, आणि तिच्यावर चिनीबरोबर पश्चिम आशियातली सिरियाक लिपीही आहे. छांगआन किती देशांच्या लोकांचं शहर होतं याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

संध्याकाळ घंटाघर आणि नगारखान्यासाठी. घंटाघर १३८४ चं. शहर पूर्वेकडे सरकलं तसं ते १५८२ मध्ये जुन्या जागेवरून हलवून आजच्या चौकात आणलं. नगारखाना १३८० चा. सकाळी घंटा, संध्याकाळी नगारा, असा शहराचा दिवस चालायचा. दोन्हींवर चढायची गरज नाही. एकच निवडायचं तर नगारखाना निवडा. वर नगाऱ्यांची रांग आहे, आणि तिथून मुस्लिम मोहल्ल्याची छपरं दिसतात.

मुस्लिम मोहल्ला आणि पोटाची सोय

नगारखान्याच्या कमानीखालून पलीकडे गेलं की बेइयुआनमेन हा खाऊगल्लीचा रस्ता. दिव्यांनी झगमगलेला, माणसांनी तुडुंब. तो एकदा चालून पार करा आणि मग पश्चिमेकडच्या बारीक गल्ल्यांत वळा. खरा मोहल्ला तिथे आहे, ह्वी या चिनी मुसलमान समाजाची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात ती. ह्वाज्वे गल्लीत मोठी मशीद आहे, परंपरेप्रमाणे इ.स. ७४२ ची, आजच्या इमारती मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागून एक चौक, लाकडी कमानी, उतरत्या कौलांची छपरं, आणि सगळी रचना पश्चिमेकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड करून. नमाजगृहात बिगरमुस्लिमांना जाता येत नाही, पण चौकांतली शांतता पुरेशी आहे. बाहेरच्या गोंगाटानंतर तिथे अर्धा तास बसा.

आता खाण्याचं, कारण मराठी माणसाच्या प्रवासात हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो. मांसाहारींसाठी इथली ओळख म्हणजे यांगरौ फाओमो. वाटी आणि घट्ट भाकऱ्या समोर आणून ठेवतात, त्या आपणच चिमटी चिमटीने हरभऱ्याच्या डाळीएवढ्या कुस्करायच्या. मग वाटी आत जाते आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येते. तुकडे मोठे ठेवलेत तर रस्सा आतपर्यंत मुरत नाही, म्हणून घाई करू नका. रौज्यामो म्हणजे पावात भरलेलं बारीक चिरलेलं मांस. मोहल्ल्यात ते गोमांसाचं असतं आणि मोहल्ल्याबाहेर बहुतेक ठिकाणी डुकराचं. ज्याला जे वर्ज्य असेल त्याने हे ध्यानात ठेवावं.

शाकाहारींनी घाबरून जाऊ नये, चीनच्या इतर शहरांपेक्षा शीआन त्यांना बरंच सोपं जातं. हा गव्हाचा आणि तिखटाचा मुलूख आहे. ल्यांगफी म्हणजे गार, रुंद शेवया, त्यावर काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. आणि यौफो म्यान तर जरूर खा: हाताने ताणलेल्या पट्ट्यासारख्या शेवया वाडग्यात, वर लाल तिखट, चिरलेला लसूण आणि पातीचा कांदा, आणि त्यावर कडकडीत तापलेलं तेल ओततात. चर्र आवाज होतो, लसणाचा वास उठतो, आणि वरून फोडणी दिल्याचं समाधान मिळतं. गोडात झंगगाओ: चिकट तांदूळ, खजुरासारखी लाल बोरं आणि घेवड्याच्या दाण्यांचे थर वाफवलेले. तेंदूच्या जातीच्या पर्सिमन फळाच्या तळलेल्या पुऱ्याही मिळतात. शरद ऋतूत गेलात तर जवळच्या लिंतोंगच्या डाळिंबांचा रस सोडू नका.

'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी. पण उच्चारावर विसंबू नका. 'मांस, मासे, अंडं, मांसाचा रस्सा, प्राण्यांची चरबी नको' असं सविस्तर वाक्य चिनी अक्षरांत मोबाइलवर तयार ठेवा आणि दाखवा. 'मांस नको' एवढंच म्हटलं तर तुकडे काढून रस्सा तोच येऊ शकतो.

दुसरा दिवस: मातीची फौज

तिकीट आधी ऑनलाइन काढा. १२० युआन, पासपोर्टच्या नावावर, आणि गर्दीच्या दिवसांत संपतं. जागा लिंतोंगला, शहरापासून पूर्वेला तीस-चाळीस किलोमीटरवर. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गिकेने ह्वाछिंगछ्र स्थानकापर्यंत जा आणि तिथून बस किंवा टॅक्सी. टॅक्सीवाल्याला संग्रहालयाचं नाव चिनी अक्षरांत दाखवा. रेल्वे स्थानकाबाहेर 'स्वस्तात फौज दाखवतो' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. वाटेवर नकली पुतळ्यांची प्रदर्शनं आहेत, काही पाहुण्यांना तिथेच उतरवलं जातं.

मार्च १९७४ मध्ये दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला मातीचं एक मस्तक लागलं, आणि छिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाच्या समाधीचा पहारा उघडा पडला. एकूण आकृत्या आठ हजारांच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या बऱ्याच अजून मातीखाली आहेत.

खड्डे तीन. सगळे आधी पहिल्या खड्ड्याकडे धावतात, तुम्ही उलटे जा. तिसरा खड्डा सर्वांत लहान, सैन्याचा मुख्य तळ. मग दुसरा: धनुर्धारी, घोडेस्वार, रथ. तो बराचसा न खणलेला आहे, आणि म्हणूनच बघण्यासारखा. कोसळलेल्या लाकडी छताच्या लाटा मातीत तशाच दिसतात. छत जळून खाली आलं, त्याखाली पुतळे फुटले. आज उभे दिसणारे जवळपास सगळे योद्धे तुकड्या-तुकड्यांनी जोडलेले आहेत, हे लक्षात ठेवून पुढे बघा.

दुसऱ्या खड्ड्याच्या इमारतीत काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी असतो. त्याच्या मागच्या बाजूला जा आणि वाकून बुटाचा तळवा बघा. शिवणीचे टाके एकेक करून उमटवले आहेत: चवड्याकडे आणि टाचेकडे दाट, मधल्या खोलगट भागात विरळ. झिजण्याच्या जागी टाके दाट, हे खऱ्या बुटाचं गणित. हा पुतळा जमिनीत पुरायचा होता, हा तळवा कोणी बघणार नव्हतं. तरी कारागिराने तो असा केला. मला सबंध फौजेत या तळव्याइतकं काही भिडलं नाही. कितीतरी पुतळ्यांवर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, कौतुकासाठी नव्हे, काम सदोष निघालं तर धरता यावं म्हणून. पण त्या शिस्तीमुळेच दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या कुंभारांची नावं आज आपल्यापर्यंत आली आहेत.

शेवटी पहिला खड्डा. २३० मीटर लांब, पूर्वेकडे तोंड करून उभ्या रांगा. पुढच्या कठड्यावर गर्दी असते, तिथे फार वेळ घालवू नका, कडेने चालत मागे जा. तिथे जोडकाम चालू असलेले पुतळे उभे असतात, काहींना डोकं नाही, काहींना दोऱ्यांनी बांधलं आहे. पुतळे मुळात रंगवलेले होते. लाखेच्या थरावर रंग होता, जमिनीबाहेर कोरडी हवा लागताच तो थर आकसून सुटायचा. उरलेला खड्डा घाईने न खणण्याचं हे एक मोठं कारण आहे. सम्राटाची मुख्य समाधीही अजून उघडलेली नाही.

त्याच तिकिटावर मोफत बसने लिशान उद्यानात जा, दोनेक किलोमीटरवर. काशाचे दोन रथ आता तिथे आहेत. आकार निम्मा, पण प्रत्येकात तीन हजारांहून जास्त सुटे भाग, सोन्याचांदीचं काम, लगामाच्या कड्या हलत्या. पुष्कळ जण थकून हा भाग सोडतात. रांगेत उभं राहावं लागलं तरी सोडू नका.

वाटेतला ह्वाछिंग महाल ऐच्छिक. गरम पाण्याचे झरे, थांग सम्राट श्वानझोंग आणि त्याची लाडकी उपपत्नी यांग ग्वेफेई यांचे हमाम, आणि १२ डिसेंबर १९३६ ला चीनचा तेव्हाचा नेता च्यांग काय-शेक याला त्याच्याच सेनापतींनी पकडलं ती जागा. वेगळं १२० युआनचं तिकीट आहे. फौज नीट बघितली असेल तर त्या दिवशी यासाठी ताकद उरत नाही, असं माझं मत.

तिसरा दिवस: ह्युएनत्संगाचं शहर

हा दिवस महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी खास. शाळेच्या इतिहासात ज्याचं नाव वाचलं तो ह्युएनत्संग इथून निघाला आणि इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन इथेच परतला. मधल्या काळात, ६४० च्या सुमारास, तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने नोंदवलं. हर्षवर्धनालाही या राज्यापुढे यश आलं नाही हेही लिहिलं. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने केलेलं वर्णन अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. हे सगळं त्याने परतल्यावर छांगआनमध्ये सांगून लिहवून घेतलं.

मेट्रोच्या ३ किंवा ४ क्रमांकाच्या मार्गिकेने दायेनथा स्थानकात उतरा. द त्सअन मंदिर इ.स. ६४८ मध्ये युवराजाने आईच्या स्मरणार्थ उभारलं आणि ह्युएनत्संगाला तिथल्या भाषांतराचं काम दिलं. आणलेल्या ग्रंथांना आग-पाण्यापासून जपायला ६५२ मध्ये विटांचा पॅगोडा झाला (तटावरून सांगितलेला मोठा पॅगोडा तो हाच), आज सात मजली, ६४ मीटर. बांधताना ह्युएनत्संग स्वतः विटांच्या टोपल्या वाहायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मंदिराचं आणि वर चढण्याचं तिकीट वेगवेगळं. आतला लाकडी जिना अरुंद आहे, वरच्या चारही खिडक्यांतून रस्ते चारी दिशांना सरळ जाताना दिसतात. दक्षिणेच्या दाराशी दोन्हीकडे काळ्या शिळा आहेत, ६५३ च्या, भाषांतरासाठी सम्राटाने दिलेली प्रस्तावना कोरलेल्या. त्या जरूर शोधा.

तिथून मेट्रोने नानशाओमेनला जाऊन धाकटा पॅगोडा बघा, इ.स. ७०७ च्या सुमाराचा. समुद्रमार्गे भारतात जाऊन आलेल्या इत्सिंगाने याच मंदिरात भाषांतरं केली. गर्दी कमी, जुनी झाडं, बसायला जागा. दोन्हींत मला धाकटाच जास्त आवडतो. आवारातच शीआनचं संग्रहालय आहे, विनामूल्य.

शान्शी इतिहास संग्रहालय याच बाजूला, स्याओझाय स्थानकाजवळ. प्रवेश विनामूल्य, पण आधी नोंदणी लागते आणि ती उघडताच भरते. तारीख ठरताच प्रयत्न करा, सोमवार टाळा. मिळालं तर थांगांच्या सोन्याचांदीच्या भांड्यांपासून सुरुवात करा.

चौथा दिवस हाताशी असेल तर

डोंगर चढायची सवय असेल तर ह्वाशान. शीआन उत्तर स्थानकातून वेगवान गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पायथ्याच्या स्थानकात. सर्वांत उंच सुळका २,१५४ मीटर. पश्चिम सुळक्याच्या पाळण्याने (रोपवेने) वर जा आणि सुळके फिरून उत्तरेच्या पाळण्याने खाली या, म्हणजे उतार जास्त आणि चढ कमी पडतो. कातळाला साखळदंड लावलेल्या पायऱ्या आहेत, बूट पकड असलेले हवेत. पाऊस-बर्फात जाऊ नका.

चढण नको असेल तर हान यांगलिंग. हान सम्राट जिंगची ही समाधी विमानतळाजवळ आहे, म्हणून परतीच्या दिवशीही जमते. काचेच्या फरशीवरून चालताना पायाखाली खंदक दिसतात आणि त्यांत हजारोंनी छोट्या आकृत्या, जेमतेम दोन फुटी. हात नाहीत, कपडे नाहीत: हात लाकडाचे आणि कपडे रेशमाचे होते, ते कुजून गेले. शेजारी मातीची डुकरं, शेळ्या, कुत्री, कोंबड्या रांगेने. छिन सम्राटाने सोबत सैन्य नेलं, याने घरदार आणि गोठा नेला. दोन तास पुरतात. आत अंधार आणि गारवा असतो, स्वेटर हाताशी ठेवा. आवारात टॅक्सी सहज मिळत नाही, म्हणून आलेल्या गाडीलाच थांबवून पुढे विमानतळापर्यंतचे पैसे निघतानाच ठरवून घ्या.